व्यसन सोडायला फोनची मदत होते, पण शेजारी माणूस लागतं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी इथे देत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला विषय दिला होता 'मोबाइल आणि आरोग्य'. तुम्हाला वाटलं असेल, ही पोरगी आता आणखी एक ॲप घ्यायला लावणार. बँकेचं ॲप झालं, यूपीआय झालं, आभा कार्ड झालं. आज मी फोनच्या वेगळ्या उपयोगाबद्दल बोलणार आहे. तो ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्याबद्दल आपण सभेत बोलतच नाही. ही आपल्या गावातली चौदा ते सतरा वर्षांची पोरं आहेत. व्यसनात अडकलेली, आणि त्यातूनच एखाद्या पोलीस केसमध्येही सापडलेली. घरोघरी त्यांच्याबद्दल कुजबुज होते, पण मदत कोणी करायची हे ठरत नाही.

कर्ज द्यायचं की नाही

काही महिन्यांपूर्वी एका गटाच्या बैठकीला मी बसले होते. गाव आणि नाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. त्याचं कारण पुढे येईल. जे सांगते आहे ते त्या आईला आणि मुलाला विचारून सांगते आहे.

एका ताईने शेळ्यांसाठी कर्ज मागितलं होतं. तिचा हप्ता कधी चुकलेला नाही. तरी विषय निघाला आणि सगळ्या गप्प. मग एक मावशी म्हणाल्या, "तिच्या पोराला पोलिसांनी नेलं होतं. पैसा शेळ्यांना जाणार का वकिलाला?" दुसरी म्हणाली, "पोरगं नशा करतं, घरातली भांडी विकतं. उद्या शेळी विकेल." ती ताई खाली बघत बसली होती.

पोरगा सोळा वर्षांचा. दोन मित्रांबरोबर विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून तांबं विकताना सापडला. पैसे कशाला हवे होते? गांजाला, आणि झोपेच्या गोळ्यांना, ज्यांना पोरं 'बटण' म्हणतात.

त्या मावश्या वाईट नाहीत हो. गटाचा पैसा बुडू नये ही काळजी खरीच आहे. पण त्या दिवशी कर्ज नाकारलं असतं तर काय झालं असतं? त्या घराचं गावाशी उरलेलं एकच नातं होतं, ते म्हणजे गट. तेही तुटलं असतं. आणि व्यसनातून बाहेर यायला पोराला सगळ्यात जास्त गरज कशाची असते, तर न तुटलेल्या नात्याची. गटाने विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. मधल्या आठवड्यात आम्ही काय केलं ते सांगते, पण आधी कायदा समजून घेऊ.

कायदा मुलाला काय मानतो

अठरा वर्षांखालच्या मुलाने गुन्हा केला असं म्हणणं असेल, तर कायदा त्याला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. बाल न्याय अधिनियम २०१५ सालचा आहे. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक बाई असतेच.

दुसरी. मंडळ मुलाला समुपदेशनाला पाठवू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी ठेवू शकतं, आणि व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला सांगू शकतं. कलम १८ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे व्यसनाला कायदासुद्धा उपचार लागणारी गोष्ट मानतो.

तिसरी. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो असं काहीही छापायला किंवा पसरवायला कलम ७४ ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणूनच मी नाव घेत नाही. आणि म्हणूनच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हा बघा चोर' म्हणून फोटो टाकायचा नाही.

चौथी. डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाकडून असा माल विकून घेणाऱ्याला, इकडून तिकडे पोचवायला लावणाऱ्याला कलम ७८ खाली तशीच शिक्षा आहे. आपण पोराला शिव्या देतो, आणि त्याला पुडी देणारा टपरीवाला मात्र आपल्याकडूनच साखर-चहापत्तीचे पैसे घेत राहतो.

ही एकट्या एका घराची गोष्ट नाही

केंद्र सरकारने एम्सकडून देशभराचा सर्वे करून घेतला, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगून करायची नशा, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर, ही एकच नशा अशी निघाली की ती मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. या नशेसाठी मदतीची गरज असलेली मुलं देशात ४ लाख ६० हजार आहेत असा अंदाज त्यात दिलाय. ही नशा स्वस्त असते, दारूसारखा वास येत नाही, आणि दुकानात सहज मिळते. पण तिने हृदय अचानक बंद पडू शकतं, अगदी पहिल्याच वेळी हुंगतानाही.

फोन काय करू शकतो

आता फोनकडे येते. आपल्या तालुक्यातून जिल्ह्याचं मानसोपचार केंद्र लांब. एक दिवसाची मजुरी बुडते, तिकीट लागतं, आणि रांगेत ओळखीचं कोणी भेटेल ही भीती. परिवीक्षा अधिकाऱ्याकडे तर कितीतरी गावांची मुलं. अशा वेळी फोन पहिली पायरी होऊ शकतो.

१४४१६ हा टेली मानसचा नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. मनाचा त्रास, झोप न येणं, जीव द्यावासा वाटणं, व्यसन, सगळ्यासाठी.

१४४४६ ही केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. जवळचं केंद्र कुठे आहे हे इथे विचारता येतं.

तंबाखू, गुटखा, मावा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा नंबर. आणि ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की सरकारच्या योजनेतून तंबाखू सोडायला मदत करणारे मेसेज मिळतात. ही योजना २०१६ पासून आहे.

आपल्या उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताई ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देऊ शकतात. त्यासाठी स्वतःचा स्मार्टफोनसुद्धा लागत नाही.

एक नंबर वेगळा ठेवा. १९३३ हाही 'मानस' नावाने ओळखला जातो, पण तो अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा आहे. माल कोण विकतं याची खबर तिथे देता येते. मुलाच्या उपचारासाठी आपण १४४१६ किंवा १४४४६ वर बोलायचं. नावं सारखी असल्याने गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगते.

आता तुम्ही विचाराल, नुसत्या मेसेजने व्यसन सुटतं का? त्यामागची रीत साधी आहे. तलफ येते ती लाटेसारखी. चढते, आणि थोडा वेळ काढला की उतरते. तेवढा वेळ निघाला पाहिजे. मेसेज येतो: आत्ता नको, दहा मिनिटं थांब, पाणी पी, जागा सोड, कोणाला तरी फोन कर. काही ॲपमध्ये रोजची नोंद असते. आज घेतली का, कुठे घेतली, सोबत कोण होतं? पंधरा दिवसांनी पोराला स्वतःलाच दिसतं की आपण कोणत्या कट्ट्यावर बसलो की घेतो.

अमेरिकेत ई-सिगारेट ओढणाऱ्या तेरा ते सतरा वर्षांच्या १५०३ मुलामुलींवर असा अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये छापून आला. अर्ध्यांना सोडण्यासाठी मदत करणारे मेसेज मिळत होते, बाकीच्यांना तसे मिळत नव्हते. सात महिन्यांनी मेसेज मिळालेल्या शंभरातल्या जवळपास ३८ जणांनी सोडल्याचं सांगितलं, न मिळालेल्या शंभरातल्या २८ जणांनी. म्हणजे शंभरात दहा पोरं जास्त. ही मुलं केसमध्ये अडकलेली नव्हती आणि व्यसनही वेगळं होतं, म्हणून हाच आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण दोन गोष्टी कळतात. मेसेजचा उपयोग होतो. आणि मेसेज मिळूनही शंभरातल्या ६२ जणांचं सुटलं नव्हतं. त्यांना आणखी काहीतरी हवं होतं.

फोन काय करू शकत नाही

रोज भरपूर दारू पिणारा, किंवा झोपेच्या गोळ्या बरेच दिवस घेणारा पोरगा एकदम बंद करेल, तर त्याला फिट येऊ शकते, हात थरथरतात, भास होतात. हे घरी कोंडून किंवा ॲप बघून होत नाही. त्याला दवाखान्यातच न्यायचं. बेशुद्ध झाला, श्वास अडकला तर थेट १०८. साखळीने बांधणं, मारणं, चहातून न सांगता पावडर देणं, यातलं काहीही करू नका. जाहिरातीतल्या त्या पावडरीत काय असतं हे आपल्याला माहीत नसतं.

दुसरी अडचण फोनचीच आहे. ज्या फोनवर मदतीचा मेसेज येतो, त्याच फोनवर "येतो का रे कट्ट्यावर" हाही मेसेज येतो. पैसे लावायचे गेम त्यावरच असतात. म्हणून आई म्हणते, "त्याच्या हातात फोन देऊ की काढून घेऊ?" आणि कधी कधी पोराचा फोन पोलिसांनी जप्त केलेला असतो. मग घरात राहतो एक फोन, तो बापाच्या खिशात, आणि मेसेज सगळे वाचतात.

पाळत ठेवायची नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पोराने ॲपमध्ये खरं लिहिलं की 'आज घेतली', आणि ते वाचून घरी मार बसला, तर उद्यापासून तो खोटं लिहील. त्या दिवशी ते ॲप संपलं. फोनवरची मदत चालते ती खरं बोलण्यावर. केसमध्ये अडकलेलं पोरगं आधीच सगळ्यांना घाबरलेलं असतं. पोलीस विचारतात, मंडळ विचारतं, बाप विचारतो. एक तरी जागा अशी हवी जिथे तो खरं बोलला तर शिक्षा होणार नाही.

म्हणून नोंद त्याची, ती त्याच्याकडे. आईने रोज एवढंच विचारायचं, "आज कसं गेलं?" सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर जेवायला वाढायचं. केस चालू असेल तर ही नोंद कोणालाही दाखवण्याआधी वकिलाला विचारायचं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलांना मोफत वकील मिळतो, त्याचा नंबर १५१००. आणि कोणतंही अनोळखी ॲप घेताना ते आधार, बँक, फोटो मागत असेल तर थांबायचं. व्यसन सोडायला आधार नंबर कशाला हवा?

त्या घरात काय झालं

त्या मधल्या आठवड्यात गटाच्या सीआरपी ताईंनी स्वतःच्या घराची मागची खोली दिली. तिथून आईने १४४१६ लावला. पहिल्या वेळी ती नुसती रडली. समोरच्या बाईंनी ऐकून घेतलं. पोरगा तिसऱ्या वेळी आला, तोही दारातच उभा राहून पाच मिनिटं बोलला. मग गोळ्यांचं कळल्यावर त्याला जिल्हा रुग्णालयात दाखवलं, कारण त्या डॉक्टरशिवाय बंद करायच्या नव्हत्या. नंतर दर आठवड्याला त्याच खोलीत, ठरलेल्या वेळी फोन.

कर्जाचं म्हणाल तर पुढच्या बैठकीत गटाने ते मंजूर केलं, एका अटीवर. गटातल्या दोघींनी सोबत बाजारात जायचं आणि शेळ्या घेऊनच यायचं. ज्या मावशींनी पहिला प्रश्न विचारला होता, त्याच सोबत गेल्या. शेळ्यांची पारख त्यांच्याइतकी कोणालाच नाही.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. जत्रेच्या दिवशी पोराने पुन्हा घेतली. तंबाखू अजून सुटलेली नाही. केसही चालू आहे. पण जत्रेनंतर दुसऱ्या दिवशी तो आपणहून त्या खोलीत आला आणि म्हणाला, "फोन लावा." व्यसन सुटताना पाय घसरतोच. घसरल्यावर परत यायला जागा आहे की नाही, त्यावर पुढचं ठरतं.

आपण डॉक्टर नाही, मग आपण कोण?

तुमच्यातल्या काही म्हणतील, आम्ही सातवी-आठवी शिकलेल्या, आम्हाला काय जमणार? गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये छापला गेला. जास्त दारू पिणाऱ्या मोठ्या माणसांशी तिथे डॉक्टर नाही, तर शिकवून तयार केलेली साधी माणसं बोलली. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्या शंभरातल्या ३६ जणांचं पिणं धोक्याच्या खाली आलं, नेहमीचीच सेवा मिळालेल्या शंभरातल्या २६ जणांचं. त्या माणसांना नीट शिकवलं होतं, त्यांच्यावर देखरेख होती. म्हणजे आपण उद्यापासून समुपदेशक झालो असं नाही. पण ऐकून घ्यायला पदवी लागत नाही, हे मात्र कळतं.

म्हणून आजच्या सभेपुढे मी चार गोष्टी ठेवते. तुम्ही चर्चा करा, पटलं तर ठराव करा.

१. प्रत्येक ग्रामसंघात एक ताई ठरवू, जिच्याकडे अशी आई न घाबरता जाऊ शकेल. पोटात गोष्ट ठेवणारी हवी. त्या ताईंचं प्रशिक्षण जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जिल्हा रुग्णालयाच्या मदतीने करायचा प्रस्ताव मी पाठवते.

२. ग्रामसंघाच्या कार्यालयात आठवड्यातून एक तास, एक फोन आणि बंद होणारं एक दार. ज्या घरात फोन नाही किंवा एकांत नाही, त्यांच्यासाठी. ग्राम बाल संरक्षण समितीलाही यात घेऊ.

३. मंडळाची तारीख किंवा दवाखाना यासाठी आई आणि मुलाचं एसटी भाडं जोखीम प्रवणता निधीतून देता येईल का, ते ठरवू. तारीख चुकली की केस लांबते, आणि पुष्कळदा ती फक्त तिकिटाला पैसे नाहीत म्हणून चुकते.

४. इतिवृत्तात मुलाचं नाव लिहायचं नाही. 'एका सदस्येच्या कौटुंबिक अडचणीसाठी' एवढंच. आपली इतिवृत्ताची वही बँकेचे साहेब बघतात, ऑडिटवाले बघतात. या मुलांपैकी बहुतेकांची नोंद ठरावीक काळाने नष्ट करायला कायदाच सांगतो, मोठा होऊन नोकरी मागताना ती आडवी येऊ नये म्हणून. सरकार जी नोंद पुसायला तयार आहे, ती आपल्या वहीत कायमची राहू नये.

आणि आईच्या कर्जाचा निर्णय तिच्या परतफेडीवर करा, मुलाच्या केसवर नाही. पंचसूत्रीत नियमित बचत आहे, नियमित परतफेड आहे. 'पोरगा कसा आहे' हे सहावं सूत्र आपण कधी लिहिलेलं नाही.

जाता जाता एक काम देते. आत्ता फोन काढा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजारच्या ताईला सांगा. १४४१६ हा नंबर सेव्ह करा. नाव काहीही द्या, 'मामी' लिहिलंत तरी चालेल, घरात कोणी बघितलं तर प्रश्न नको. कोणाला कधी लागेल सांगता येत नाही. सगळ्यांचं झालं की अध्यक्षताई चार मुद्द्यांवर मत घेतील.